क्रूझला पासपोर्ट लागतो का? आई-अण्णांना न्यायचंय

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी. एक विचारायचंय, जरा लांबलचक आहे पण पूर्ण वाचा.

येत्या फेब्रुवारीत आमच्या आई-अण्णांच्या लग्नाला ५० वर्षं होतात. दोघांनी जन्मभर केळी सोडून दुसरं काही बघितलं नाही, लांबात लांब म्हणजे पंढरपूर, शेगाव आणि एकदा नाशिकचा कुंभमेळा. आई टीव्हीवर ती मोठी जहाजं बघते आणि दर वेळी म्हणते एवढं मोठं घर पाण्यावर राहतं तरी कसं. तर आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं की हॉल नको, बँड नको, पंगती नकोत, तो सगळा पैसा या दोघांना जहाजावर फिरवण्यात घालायचा.

इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. पुढे गोंधळ सुरू झाला. लहान बहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते क्रूझला पासपोर्ट लागतच नाही, तिच्या शेजारचे मायामीहून नुसत्या जन्मदाखल्यावर आठ दिवस फिरून आले. आमच्याकडचा एजंट म्हणतो आधार कार्ड असलं की बस, कुठंबी जा. आणि जळगावचा मावसभाऊ म्हणतो पासपोर्टशिवाय बंदरात पाय ठेवू देणार नाहीत. आता खरं कोणाचं धरायचं? आई-अण्णा दोघांकडेही पासपोर्ट नाही.

डोक्यात तीन गोष्टी आहेत. मुंबई-गोवा किंवा मुंबई-लक्षद्वीप, नाहीतर सिंगापूरहून निघणारी क्रूझ (मित्रांचा ग्रुप चाललाय), नाहीतर बहीण म्हणते तिकडेच पाठवा, ती कॅरिबियनची दाखवेल.

खरी अडचण कागदांची आहे. अण्णा चौथी पास, शाळेच्या दाखल्यावर १ जून १९५१ आणि आधारवर १ जानेवारी १९५२. आई शाळेत गेलीच नाही. ती आधारवर कमलबाई, बँकेत कमल, आणि पॅन कार्डावर इंग्रजीत काय लिहिलंय ते आम्हालाच नीट वाचता येत नाही. पासपोर्ट काढायला बसलो तर होईल का फेब्रुवारीपर्यंत? का गोव्यावरच थांबावं? केळीच्या कांदेबाग लागवडीचं काम सुरू आहे, फार चकरा मारता येणार नाहीत, म्हणून आधी विचारून घेतोय.

भुसावळ_जंक्शन

जहाज कुठलं आहे ते बघू नका, ते कुठे कुठे थांबतं ते बघा. सगळे थांबे भारतातले असतील तर आधार चालतं. एक जरी थांबा परदेशात असेल तर पासपोर्ट लागतोच, मग तुम्ही तिथे खाली उतरा नाहीतर केबिनमध्ये झोपून राहा. तुमचा एजंट 'कुठंबी जा' म्हणतो ते साफ चुकीचं आहे.

पारोळ्याची_लेक

दादा, तुमची बहीण खोटं सांगत नाहीये पण अर्धंच सांगतेय. मी १४ वर्षं ह्यूस्टनला आहे, आमच्याकडे दर सुट्टीत हाच विषय निघतो म्हणून नीट लिहिते.

इकडे एक प्रकार असतो त्याला क्लोज्ड लूप क्रूझ म्हणतात. म्हणजे ज्या अमेरिकन बंदरातून निघालात त्याच बंदरात परत यायचं, मधले थांबे मेक्सिको, कॅनडा, बर्म्युडा किंवा कॅरिबियन बेटं. अशा क्रूझला अमेरिकेच्या नागरिकाला पासपोर्टऐवजी जन्मदाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र चालतं, आणि १६ वर्षांच्या आतल्या मुलांना तर नुसता जन्मदाखला पुरतो. जून २००९ पासून असंच आहे. पण हे फक्त अमेरिकेच्या नागरिकांना!! तुमच्या आई-अण्णांचा जन्मदाखला रावेर तालुक्यातला, तो मायामीच्या बंदरात दाखवून काही उपयोग नाही. आणि मुळात ते अमेरिकेत पोचणारच पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन, त्यामुळे त्यांच्यासाठी हा प्रश्न येतच नाही.

आमच्याच घरचं सांगते म्हणजे लक्षात येईल. आम्ही इकडच्या गॅल्व्हस्टन बंदरातून मेक्सिकोतल्या कोझुमेलला गेलो होतो. दोन्ही मुलं इथे जन्मलेली, त्यांचे जन्मदाखले नेले. मी आणि मिस्टर ग्रीन कार्डवर, आम्ही ग्रीन कार्ड आणि भारतीय पासपोर्ट दोन्ही नेले. सासू-सासरे व्हिजिटर व्हिसावर आलेले, त्यांचा पासपोर्ट आणि त्यावरचा अमेरिकेचा व्हिसा. एकाच घरातली सहा माणसं, एकच बोट, आणि तीन तऱ्हेचे कागद. तुमच्या बहिणीच्या शेजाऱ्यांचा नियम तुमच्या आईला लावू नका, एवढंच.

पाठवायचं ठरवलंत तर व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना आणि परत यायच्या तारखेपर्यंत चालू आहे ना ते बघा, कारण बोट मेक्सिकोला जाऊन आली की तुम्ही अमेरिकेत पुन्हा नव्याने शिरता. अमेरिकेचा चालू व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. बाकी बेटांचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं आहे, मार्टिनिक आणि ग्वादेलूपला तर अमेरिकन माणसालाही पासपोर्ट मागतात.

आणि अजून एक, हे बहिणीलाही सांगा. त्या ट्रिपनंतर आम्ही मुलांचे पासपोर्ट काढून टाकले. आमच्या बोटीवर एका आजोबांना छातीत दुखायला लागलं, त्यांना कोझुमेलला दवाखान्यात उतरवलं आणि बोट ठरल्या वेळेला निघून गेली. आजींना सोबत उतरावं लागलं. अशा वेळी घरी परत यायचं ते विमानाने, आणि विमानाला जन्मदाखला चालत नाही, तिथे पासपोर्टच पाहिजे. मी त्या आजींना दोन पिशव्या घेऊन शिडी उतरताना बघितलं, ते अजून डोळ्यासमोर आहे. सवलत आहे म्हणून कागद घरी ठेवायचा नाही हे मी तेव्हाच ठरवलं.

तापीकाठ_शिरपूर

भाऊ, मना बी आसाच घोटाया व्हयेल व्हता, म्हणीसन लिखी राहिनू.

सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं मराठीत लिहितो. आम्ही सिंगापूरच्या क्रूझला निघालो होतो, घरचे सात जण, त्यात आमचे नाना ७१ वर्षांचे. पासपोर्ट सगळ्यांकडे होते. एजंटने तिकीट काढलं, व्हिसा काढला, सगळं ओके म्हणाला. मुंबई विमानतळावर काउंटरच्या मॅडमनी नानांचा पासपोर्ट उघडला आणि म्हणाल्या की याची मुदत संपायला सहा महिने राहिलेले नाहीत, यांना नेता येणार नाही. पाच महिने आणि काही दिवस बाकी होते. मी हात जोडले, वरच्या साहेबांना भेटलो, काही उपयोग झाला नाही, आणि त्यांची चूक नव्हतीच, नियमच तसा आहे. नाना म्हणाले तुम्ही जा मी जातो घरी. त्यांना एकटं कसं सोडणार. बायको आणि पोरं पुढे गेली, मी आणि नाना रात्रीच्या गाडीने परत शिरपूरला आलो. नाना पूर्ण रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. पैसे गेले त्याचं काही नाही पण त्यांनी त्या ट्रिपसाठी नवा सदरा शिवला होता भाऊ.

तेव्हापासून मी कोणालाही आधी हेच विचारतो, पासपोर्टच्या शेवटच्या तारखेतून प्रवास संपायची तारीख वजा केली का. सहा महिन्यांच्या वर पाहिजेत. तुमचे नवीन निघणार त्यामुळे तुम्हाला हे लागू नाही, पण ग्रुपमधल्या बाकीच्यांना आजच उघडून बघायला सांगा.

दुसरं व्हिसाचं. सिंगापूरला विमानाने उतरलात ती एक एन्ट्री, बोट मलेशियातलं पेनांग नाहीतर थायलंडमधलं फुकेत करून परत सिंगापूरला लागली ती दुसरी. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच पाहिजे, बहुतेक तसाच मिळतो पण वाचून घ्या. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाईन भरायचं असतं, ते फुकट आहे, त्याचे कोणी पैसे मागितले तर देऊ नका. मलेशियाने आपल्याला २०२६ संपेपर्यंत व्हिसा माफ केलाय. थायलंडचे नियम मध्ये मध्ये बदलतात, तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघा. आणि व्हिसा माफ म्हणजे पासपोर्ट माफ नव्हे, हे आमच्या गावातल्या दोघांना समजावता समजावता माझा घसा बसला.

नंदुरबारचे_गुरुजी

मी आणि आमच्या सौ. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात मुंबई-गोवा करून आलो, फक्त आधार कार्डावर. पासपोर्ट घरी कपाटातच राहिला. खान्देश एक्सप्रेसने मुंबईला उतरलो, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअरच्या बंदरावर. बॅगा स्कॅन होतात, ओळखपत्र बघतात, फोटो काढतात, केबिनचं कार्ड देतात, झालं. मूळ आधार कार्ड न्या, नुसत्या झेरॉक्सवर विसंबू नका. पॅन कार्डावरही भिस्त ठेवू नका, त्यावर पत्ता नसतो. मतदार ओळखपत्र, लायसन हे चालतं.

कॉर्डेलिया कंपनीची एम्प्रेस बोट २०२१ पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीप करते, पावसाळ्याचे महिने सोडून. त्यातलं लक्षद्वीप जरा वेगळं आहे हे लक्षात घ्या. ते आपल्याच देशात आहे, पासपोर्ट लागत नाही, पण तिथे जायला आपल्या माणसालाही परवाना लागतो. बोटीच्या पॅकेजमध्ये कंपनी तो काढून देते, पण त्यासाठी फोटो आणि ओळखपत्राची प्रत आधी द्यावी लागते, त्यामुळे आयत्या वेळी बुकिंग करू नका. हीच बोट चेन्नईहून श्रीलंकेलाही गेलेली आहे, तेव्हा मात्र पासपोर्ट लागतो. बोट तीच, कागद वेगळे. भुसावळकर म्हणाले ते शंभर टक्के बरोबर.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर पहिल्या वेळी गोवाच करा. आई-अण्णांनी समुद्रच बघितलेला नाही, त्यांना थेट पाच रात्री पाण्यावर आणि वर विमानप्रवास, इमिग्रेशनच्या रांगा, हे सगळं एकदम कशाला. आमच्या सौ.ना पहिल्या रात्री थोडं गरगरलं, दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर बसून तिने जो सूर्योदय बघितला त्यावर ती अजून बोलते. पासपोर्टच्या मागे लागून फेब्रुवारी हातातून घालवू नका.

ऑनलाईन_सेंटर_चोपडा

गुरुजी, बाकी सगळं मान्य, शेवटचं वाक्य मान्य नाही. गोवा करा, जरूर करा, पण पासपोर्टच्या तयारीला आजच लागा. एक मुलगी न्यू जर्सीला आहे, उद्या तिच्याकडे जायची वेळ आली, चांगल्या कारणाने आली किंवा वाईट कारणाने आली, तेव्हा पळापळ करायची का? माझं गावात ऑनलाईन सेंटर आहे, मी रोज म्हाताऱ्या माणसांचे हेच फॉर्म भरते, म्हणून सविस्तर सांगते. रावेरवाले भाऊ, वही घ्या.

तुमच्या अण्णांचा १ जून बघून मला घरच्यासारखं वाटलं. त्या काळी गुरुजी घरोघर जाऊन पोरं गोळा करायचे, जन्मतारीख कोणालाच माहीत नसायची, शाळा जूनमध्ये उघडायची म्हणून सरसकट १ जून लिहायचे. माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या वरच्या माणसांत निम्मे १ जूनचे असतात. आणि आधार काढताना ज्याने फक्त वय सांगितलं त्याला १ जानेवारी लागली. त्यामुळे तुमच्या अण्णांच्या दोन तारखा म्हणजे कोणाची लबाडी नाही, पण अर्ज भरताना दोन तारखांचे कागद एकत्र लावले की अर्ज अडकतो. म्हणून आधी एक तारीख पक्की करा आणि बाकी कागद तिच्याशी जुळवा. अण्णांसाठी शाळेचीच धरा. दाखला फाटला असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा मागा, जुनी रजिस्टरं बहुतेक शाळांनी जपून ठेवलेली असतात. आधारची तारीखही त्याच्याशी जुळवून घ्या. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलता येते, म्हणून घाई करून चुकीची टाकू नका, ऑपरेटरने टाईप केलेलं स्वतः वाचा मगच पुढे जाऊ द्या.

आता आई. शाळा नाही म्हणून अडत नाही. जन्मदाखल्याची सक्ती फक्त १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना आहे. आधी जन्मलेल्यांना पॅन कार्ड, मतदार ओळखपत्र, ड्रायव्हिंग लायसन, एलआयसीची पॉलिसी यातलं काहीही जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतं. त्यामुळे आईचं पॅन कार्ड आधी नीट करा. नावाचं स्पेलिंग, तारीख, सगळं आधारसारखं.

कमल का कमलबाई हे आत्ताच ठरवा आणि मग कुठेही बदलू नका. आपल्याकडे बायकांच्या नावापुढे बाई लावायची रीत, ती मानाने लावलेली, पण कॉम्प्युटरला कमल वेगळी आणि कमलबाई वेगळी. परत इंग्रजीत कोणी के घेतं कोणी सी घेतं. माझ्याकडे एका आजींची चार कागदांवर चार नावं निघाली होती, त्या रडायला लागल्या की मी मेले तर मी कोण म्हणून जळणार. आम्ही तीन महिने खपून सगळे कागद एका नावावर आणले. तुमच्या आईच्या तीनच आहेत, होऊन जाईल. आणि जहाजाचं बुकिंग करताना कागदावर जे स्पेलिंग आहे तेच टाका, एजंटला फोनवर नाव सांगू नका, फोटो पाठवा.

अर्ज पासपोर्ट इंडिया डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साईटवरच करायचा, नाहीतर एमपासपोर्ट सेवा ॲपवर. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या खोट्या साईटी आहेत, दुप्पट पैसे घेतात. ३६ पानी पासपोर्टला १५०० रुपये, साठीच्या वरच्यांना नवीन अर्जावर १० टक्के सूट म्हणजे १३५०. तत्काळ हवा तर वर २०००. मुंबई-नाशिकला जायची गरज नाही, जळगावच्या पोस्टातल्या केंद्राची अपॉइंटमेंट घ्या. दोघांची एकाच दिवशीची घ्या, एकच चक्कर होईल.

नंतर पोलीस व्हेरिफिकेशनचा फोन येतो. फॉर्ममध्ये जो मोबाईल नंबर द्याल तो आई-अण्णांजवळच्या माणसाचा द्या. पुष्कळ जण पुण्यातल्या मुलाचा नंबर देतात, इकडे हवालदार घरी येऊन कुलूप बघून जातो आणि रिपोर्ट उलटा जातो. त्या आठवड्यात दोघांना लग्नकार्याला कुठे पाठवू नका.

कोणीतरी सांगेल की दहावी पास नाहीत म्हणून पासपोर्टवर ईसीआरचा, म्हणजे परदेशी जाताना तपासणी लागेल असा, शिक्का बसेल. पन्नाशीच्या वरच्या माणसाला तो बसत नाही, आणि तसाही तो काही देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो, फिरायला जाणाऱ्याला त्याचं काही नाही.

आणि हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते. जन्मभर केळीत राबलेले हात, चिकाचे डाग, बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन ठसे घेत नाही. अपॉइंटमेंटच्या आधी आठ दिवस दोघांना रोज रात्री हाताला खोबरेल तेल चोळायला सांगा आणि त्या आठ दिवसांत घडाला हात लावू देऊ नका. केंद्रावर जायच्या सकाळी मात्र हात साबणाने धुऊन कोरडे करून न्या. माझ्या सासऱ्यांचे ठसे पाचव्यांदा उमटले, तो मुलगा बिचारा शांतपणे पुन्हा पुन्हा घेत होता.

भुसावळ_जंक्शन

ताई, हे सगळं कुठेतरी वर चिकटवून ठेवायला पाहिजे. माझ्या आईचंही हेच आहे, १ जून.

नंदुरबारचे_गुरुजी

ताईंचं पटलं. मी माझं शेवटचं वाक्य मागे घेतो. बाकी ते १ जून लिहिणारे माझे वडील होते हो, तळोद्याकडे शिक्षक होते. ते सांगायचे की आयांना विचारलं तर त्या म्हणायच्या, मोठा पूर आला त्या साली, नाहीतर भाऊबीज झाली आणि चार दिवसांनी. त्यावरून साल तरी निघायचं. तारीख त्यांनी आपल्या हाताने घातली आणि ती माणसं त्याच तारखेवर रिटायर झाली.

केळीबाग_रावेर

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण ताईंनी सांगितलं तेच करत होतो.

ठरलं ते असं. फेब्रुवारीत मुंबई-गोवा, आधार कार्डावर. सिंगापूर ग्रुपला नाही म्हणून कळवलं, पण शिरपूरवाल्या भाऊंचं वाचून दाखवलं तेव्हा त्यांच्यातल्या एका काकूंच्या पासपोर्टला चारच महिने राहिलेले निघाले. त्या कालच जळगावला जाऊन आल्या. भाऊ, तुमच्या नानांना माझा नमस्कार सांगा.

बहिणीला पारोळ्याच्या ताईंचं सगळं पाठवलं. ती म्हणाली मला माहीतच नव्हतं की तो नियम फक्त इथल्या लोकांना आहे, आणि तिने तिच्या मुलीचा पासपोर्ट आहे का ते आधी शोधलं, आहे.

काल अण्णांना घेऊन त्यांच्या शाळेत गेलो. हेडमास्तर बाईंनी कपाटातून रजिस्टर काढलं, पिवळं पडलेलं, कडा खाल्लेल्या. अण्णांचं नाव सापडलं, १ जून १९५१, पुढे वडिलांचा धंदा शेती, आणि शाळा सोडल्याचं कारण 'घरकाम'. अण्णांनी ते बोट लावून दोनदा वाचलं. मग त्यांनी बाईंना विचारलं की याच पानावर अजून कोण आहे, आणि खालची सगळी नावं वाचली, बाईंनीही घाई केली नाही. तिघे आता नाहीत म्हणाले. उतारा मिळाला, सही-शिक्क्यासकट.

आईचं पॅन कार्ड नीट बघितलं तर त्यावर 'कामिल' असं काहीतरी टाकलेलं आहे. दुरुस्तीला दिलं. तिला विचारलं कमल ठेवायचं का कमलबाई. म्हणाली, माझ्या माहेरी नुसतं कमल म्हणायचे, तेच लिही.

चोपड्याच्या ताई, एकच राहिलं. पॅन दुरुस्त होऊन आल्यावरच पासपोर्टचा अर्ज भरू का, का आधी भरून अपॉइंटमेंट पुढची घेऊ? तेल कालपासून सुरू केलंय.

ऑनलाईन_सेंटर_चोपडा

पॅन हातात येऊ द्या, मगच भरा. आणि तेल इतक्या लवकर नको, अपॉइंटमेंट मिळाली की आठ दिवस आधी. पण त्यांना आवडत असेल तर चालू द्या.